कामात आहेस का?

मोठ्या मॅडमच्या दारावर टकटक करण्याआधी तिने दोन जाड फायली काखेत घेतल्या. काम मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढं ती या ऑफिसात शिकली होती. ज्याच्याकडे ढीग असतो त्यालाच लोक आणखी देतात. रिकामा दिसला की हात आखडता घेतात. दोन्ही फायली केव्हाच निकालात निघालेल्या होत्या. वरची तर ती वकील होण्याच्याही आधीची.

"मॅडम, काही असेल तर... मला थोडा वेळ आहे."

"अगं येतंय, येतंय," मॅडम स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "जरा दम धर. आलं की तुलाच देते."

"बरं."

"आणि तुझ्या तासांकडे बघ हं. मागच्या वेळी वरती मी सावरून घेतलं. या महिन्यात नाही जमायचं. खुर्ची जाईल तुझी."

आता यावर काय बोलणार, कपाळ? या ऑफिसचा नियम सरळ होता. अशिलाच्या कामात घातलेला वेळ बिलात चढतो, तेवढाच वेळ खरा. बाकी दिवसभर तुम्ही इथे बसलात काय आणि घरी झोपलात काय, सारखंच. तास भरायला काम हवं, आणि काम द्यायचं ते याच बाईंनी. पण असलं काही तोंडावर बोलायची सोय नसते. ती फायली सांभाळत बाहेर आली, कॉरिडॉरमधून भराभर चालत, घाई असल्यासारखी.

तिच्या खोलीतले दिवे माणूस हलला की लागत, स्वस्थ बसला की विझत. हल्ली ते वरचेवर विझायचे. मग ती हात वर करून हलवायची. बाहेरून कुणी बघितलं असतं, तर पोरगी भिंतीला टाटा करतेय असंच वाटलं असतं.

स्क्रीनवर तिने स्वतःच केलेला एक जुना भाडेकरार उघडा होता. दुकानांचे, गाळ्यांचे भाडेकरार म्हणजे तिचा हातखंडा. एकेकाळी मॅडम तिचं कलम दुसऱ्यांना वाचायला द्यायच्या. आता ती तेच कलम पुन्हा पुन्हा वाचत बसायची. सुरुवातीला काम आटलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडून यायची. मग तेही थांबलं. आत काही हलेनाच.

फोन वाजला. आई.

"कामात आहेस का गं?"

"हो ना. बोल पटकन." आणि मोकळ्या हाताने तिने कीबोर्ड बडवायला घेतला. आईला ऐकू जावं म्हणून. आमच्या लेकीला श्वास घ्यायला फुरसत नाही, असं आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. ते खोटं पाडायचं तिच्या जिवावर यायचं.

"काही नाही, बाबांच्या दुकानाचं मिटलं, तेवढंच सांगायचं होतं."

"दुकानाचं काय?"

"अगं, जागामालकाने नोटीस धाडली होती ना. गाळा खाली करा म्हणून. तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं दुकान, बाबांनी तर अन्नच सोडलं होतं."

कीबोर्डवरचा हात थांबला. "आई, मला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. दोनदा फोन केला त्यासाठी. एकदा तू म्हणालीस मीटिंगमध्ये आहे. एकदा म्हणालीस मरायला वेळ नाही. मग बाबाच म्हणाले, जाऊ दे, तिच्या डोक्याला आपला ताप नको. तिथे तिला मोठमोठी कामं, त्यात आपलं दुकान कुठे घेऊन बसायचं."

त्या दोन्ही वेळी ती याच खुर्चीत बसलेली होती. बाबांनी नोटिशीचा नुसता फोटो पाठवला असता, तर संध्याकाळच्या आत तिने उत्तर लिहून दिलं असतं. हे काम तिचं होतं. साऱ्या जगात एका माणसाला वकील म्हणून तीच हवी होती, आणि त्याला तिने मीटिंग सांगितली होती.

"मग केलं कुणी?"

"आहे एक इथलीच वकील. दुकानाच्या मागच्या गल्लीत बसते. तुझ्याच वयाची असेल. गोड आहे हो पोर. बाबांचं सगळं पाल्हाळ ऐकून घेतलं, करार वाचला, चांगलं ठणकावून उत्तर दिलं. मालक आला ताळ्यावर. भाडं थोडं वाढवून घेईल, पण गाळा राहिला."

"बरं झालं," ती म्हणाली. आता तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. समोरच्या इमारतीत एक माणूस खिडकीची काच पुसत होता, तिकडे ती बघत राहिली.

"पण एक सांगू?" आईचा आवाज खाली आला. "मला ना, वाईटच वाटलं तिचं. कधीही जा, आपली एकटी बसलेली. टेबलावर एक कागद नाही. आम्ही दारात दिसलो की उगाच फोन कानाला लावते. आपल्याला कळतं गं. एवढी शिकलीसवरलेली पोर. तिच्या घरी माहीत असेल का गं?"

"नसेल," ती म्हणाली.