आरशातल्या वेण्या

१९५१च्या सप्टेंबरात कॅनडातल्या आम्हा क्री आदिवासी मुलांना बोटीत घालून मिशनच्या वसतिशाळेत नेलं. मी दहा वर्षांची, धाकटी युलाली सहाची. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी आमच्या वेण्या कापल्या.

आमच्यात घरचं माणूस गेलं तरच केस कापतात.

"ताई, आई गेली का?" युलालीने विचारलं.

"नाही गं."

दुसऱ्या सकाळी तोंड धुताना तिने मला ढोसलं. आरशातल्या युलालीला दोन्ही वेण्या होत्या, नुकत्याच घातलेल्या.

"आईच घालते," ती म्हणाली. "म्हणजे ती आहे. तू मात्र साळिंदर दिसतेस."

रोज ती आधी आरशात बघायची, मगच खायची. फेब्रुवारीत एके सकाळी आरशातल्याही वेण्या नव्हत्या. "आई गेली," एवढंच ती म्हणाली.

मे महिन्यात, नदीचा बर्फ फुटल्यावर, युलालीच तापाने गेली. घरी कुणी कळवलं नाही.

जूनमध्ये बोट गावाला लागली तेव्हा धक्क्यावर आई उभी होती, केस कानापर्यंत कापलेले.

"नदी गोठलेली होती तेव्हाच कापले," ती म्हणाली. "हात आपोआप कात्रीकडे गेला. कुणासाठी, ते तू सांग."

बाबा पुढच्याच हिवाळ्यात गेले. युलालीची कबर आम्हाला आजवर सापडलेली नाही. आई नव्वद वर्षं जगली, पण तिने केस कापले त्या दिवसानंतर ते बोटभरही वाढले नाहीत.