मागचं दार

भटूभाऊंनी आपली स्लीपर बस धुळ्याच्या आरटीओत पासिंगला आणली. संकटकाळी बाहेर पडायच्या मागच्या दारासमोर त्यांनी एक जादा बर्थ ठोकून घेतला होता.

"बर्थ सरकवला की दार उघडतं, मॅडम," ते म्हणाले.

"मग उघडून दाखवा," निरीक्षक संघमित्रा मॅडम म्हणाल्या. "पुढचं दार मी बाहेरून धरते. आग लागलीय असं समजा."

भटूभाऊ हसत आत गेले. बर्थ तसूभरही हलेना. त्यांनी लाथा घातल्या, काचेवर मुठी आपटल्या. काच फोडायची हातोडी जागेवर नव्हतीच. उन्हात तापलेल्या त्या बंद बसमध्ये त्यांचा जीव गुदमरला, दरदरून घाम फुटला. शेवटी धडपडत पुढच्या दाराशी आले आणि "उघडा, उघडा" म्हणत राहिले.

मॅडमनी दार उघडलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

"हिला पासिंग मिळणार नाही, भाऊ."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते कुणाला तरी पुन्हा पुन्हा फोन लावत होते.

"असाच बर्थ ठोकलेली माझी दुसरी गाडी सकाळी पुण्याहून निघालीय. ड्रायव्हर फोन उचलत नाहीये," ते म्हणाले, आणि मग घरची अहिराणीच तोंडात आली. "मागला बर्थवर मन्ही पोर शे, मॅडम."