नमुन्याचा तास

"गुड आफ्टरनून," ग्वाक सोरिन म्हणाली आणि समोर बसलेल्या निवड समितीच्या पाच जणांना तिने कमरेत वाकून अभिवादन केलं.

पाचही जण कोरियन होते. जागा कोरियन साहित्याच्या सहायक प्राध्यापकाची. पण उमेदवाराने नमुन्याचा तास इंग्रजीतच घ्यायचा, असा विद्यापीठाचा नियम होता. त्याने म्हणे जागतिक क्रमवारीत विद्यापीठाचं नाव वर सरकतं. वेळ वीस मिनिटं, गुण चाळीस. सोरिनची ही सातवी मुलाखत. डिसेंबरात तिला चाळीस पूर्ण होणार होती, आणि त्यानंतरचे अर्ज कुणी फारसे उघडून पाहत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिने विषय घेतला होता खेड्यातल्या बायकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या गाण्यांचा. महिनाभर तिने इंग्रजी वाक्यं पाठ केली होती.

"सून भांड्याच्या तळाचा कडक भात खाते," ती इंग्रजीत सांगत होती. "खाण्यापूर्वी ती त्यात पाणी मिसळते. ध्वनी टाळणे हा तिचा हेतू आहे."

कुणी मान वर केली नाही. वसंतात निवृत्त होणारे प्राध्यापक प्यो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते.

विभागप्रमुख मेंग यांनी हात वर केला. ते कोरियनमध्येच बोलले. "डॉक्टर ग्वाक, जरा सावकाश घ्या. आमच्याकडे निम्मी मुलं चीनची आणि व्हिएतनामची असतात."

"त्यांना इंग्रजी समजतं का, सर?"

"छे, छे. त्यांना कोरियन त्यापेक्षा बरं समजतं."

"मग हे इंग्रजी कुणासाठी?"

मेंग हसले. "असं विचारायचं नसतं हो. आम्ही तरी कुठे विचारलं?"

सोरिनने पुढचं वाक्य आठवून पाहिलं. ते सापडेना.

"मला एक कळलं नाही," प्यो मध्येच म्हणाले. तेही कोरियनमध्ये. "ती बाई भातात पाणी कशाला घालते?"

"कुरकुर वाजतं म्हणून, सर!" सोरिनचा आवाज चढला. भाषा बदलल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. "पलीकडे सासू झोपलीय. दिवसभर राबून पोरीच्या वाट्याला भांड्याची खरवड, आणि तीसुद्धा चावायची चोरी. ज्या आजींकडून मी हे गाणं मिळवलं, त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. सासू जाऊन चाळीस वर्षं झाली. पण या ओळीपाशी आल्या की आजी थांबतात. दाराकडे बघतात. आणि मग पुढची ओळ म्हणतात, ती अशी."

तिने आवाज अगदी खाली आणला आणि ती ओळ म्हटली.

समितीतल्या बाई खुदकन हसल्या. "अगं बाई! माझी आई खरवड चुलीमागे लपवून ठेवायची. आम्हा पोरांना वाटायचं, उंदरांसाठी ठेवलीय."

"आणि सासरा? सासऱ्याला ऐकू येत नव्हतं?" मेंग यांनी विचारलं.

"त्याच्यावर वेगळं कडवं आहे, सर."

सगळे हसले. सोरिन बोलत राहिली. हातातला कागद तिने केव्हाच टेबलावर ठेवून दिला होता. प्यो दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पुढे झुकले होते.

वेळ नोंदवायला बसलेले कार्यालयाचे अधीक्षक खाकरले.

"फारच सुंदर," ते नम्रपणे म्हणाले. "माझीही आजी आठवली. पण कोरियनमध्ये झालेला भाग गुणांत धरता येत नाही. चार मिनिटं उरलीत, डॉक्टर. हेच आता इंग्रजीत होऊन जाऊ दे."

समितीतल्या बाईंनी पेन उचललं. मग मेंग यांनी, मग बाकीच्यांनी.

सोरिन उभीच होती. तिने प्यो यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी चष्मा लावला. गुणांचा कागद जवळ ओढला.

"बोल, पोरी," ते हळूच म्हणाले. "मला काही कळायचं नाही. पण मला तुला गुण द्यायचे आहेत."