परत आलेली भूक

भाजी निवडता निवडता नलूच्या पोटात ओढल्यासारखं झालं. पित्त असेल म्हणून तिने कोकम सरबत घेतलं, तरी ओढ थांबेना.

भाकरी थापणाऱ्या सासूबाई हसल्या. "अगं, पित्त कसलं! भूक लागलीय तुला."

नलूने भाजी बाजूला सारली. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतच डॉक्टरांनी जठराजवळ चिप बसवून तिची भूक बंद केली होती. वर्षभर ती गजर झाला की औषध घ्यावं तशी जेवत होती. परवा त्यांनी भूक परत येते का पाहायला चिप थांबवली. भूक नको वाटली तर आज संध्याकाळपर्यंत कळवा, ती कायमची बंद करू, असं ते म्हणाले होते.

तिने फोन उचलला. "आत्ताच कळवते, आई. ही आली म्हणजे वजनही मागोमाग येणार. पूर्वी मला थांबताच यायचं नाही."

"कळव की. पण उपाशीपोटी कसले निर्णय घेतेस? आधी दोन घास खा."

नलू भीतभीतच बसली. गरम भाकरी आणि मेथीची भाजी तिला कितीतरी दिवसांनी चवीची लागली. चतकोर भाकरी संपली आणि पोटातली ओढ आपसूक विरली. ती पुन्हा येते का, म्हणून नलू थांबून राहिली. आली नाही.

सासूबाईंनी सवयीने आणखी तुकडा पुढे केला, तसा नलूने ताटावर आडवा हात धरला. पंगतीत असा हात तिने नेहमी लाजेकाजेस्तव धरला होता, मनात 'वाढा' म्हणत.

"राहू दे, आई," ती म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. "खरंच पोट भरलं."