बेड्या बदलताना

तुरुंगाचं मागचं दार उघडलं आणि वेंडल बाहेर आला, तो बेड्या घालूनच.

त्याची आई ओनिटा फुलघम इस्त्रीचा शर्ट हातावर टाकून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, त्या आवारात सकाळपासून उभी होती. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला बेड्या कशाला, हे तिला कळेना. मग दाराशी लावलेली काळी गाडी दिसली आणि तिच्याजवळ उभे असलेले दोन फेडरल मार्शल, केंद्र सरकारचे पोलीस. त्यांच्या मागून सरकारने वेंडलला दिलेली वकीलबाई, मिस कॉलियर, धापा टाकत आली.

"मिस ओनिटा, मला आत्ताच कळलं. केंद्र सरकारने वेंडलवर खटला भरलाय."

"आता कशाबद्दल?"

"त्याच बंदुकीबद्दल."

ओनिटाने शर्ट दुसऱ्या हातावर घेतला. ती बंदूक वेंडलच्या आजोबांची, हरणं मारायची. ट्रकच्या सीटमागे ती वर्षानुवर्षं पडून असायची. अलाबामात या भागात कुणाच्या सीटमागे नसते? पण वेंडलने पोरवयात एक दुकान फोडलं होतं, आणि तसा डाग लागलेल्या माणसाला बंदूक जवळ ठेवता येत नाही. मागचा दिवा फुटला म्हणून पोलिसाने ट्रक अडवला आणि सीटमागे हात घातला. झालं.

"त्याची शिक्षा त्याने भोगली ना? एका गुन्ह्याला दोनदा धरता येत नाही, हे मलासुद्धा ठाऊक आहे, पोरी. घटनेतच लिहिलंय."

"लिहिलंय. पण राज्याचा कायदा मोडला तो एक गुन्हा, आणि केंद्राचा मोडला तो दुसरा. न्यायालयं असंच धरतात."

"बंदूक एक. पोरगा एक. ट्रक एक. आणि गुन्हे दोन?"

"सरकारं दोन आहेत म्हणून."

"आणि या दुसऱ्या सरकारचं या बंदुकीने काय वाकडं केलं?"

मिस कॉलियरने खांद्यावरची बॅग सावरली. सांगायची तिलाच लाज वाटत असावी. "ती कनेटिकटमध्ये बनलीय. म्हणजे राज्याची हद्द ओलांडून आलीय. म्हणून केंद्राचा हक्क पोचतो."

"सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाआधी घेतलेली बंदूक आहे ती! हद्द ओलांडली तेव्हा वेंडलचा बाप जन्मला नव्हता!" ओनिटाचा आवाज चढला. एका मार्शलने वळून पाहिलं आणि पुन्हा बुटांकडे नजर लावली. "आमच्या घरात रीत होती. पोराला मी फटका दिला की ऑर्विल हात उचलायचा नाही. त्याने दिला की मी नाही. एका खोडीला एकाचाच मार. अडाणी माणसं आम्ही, पण एवढं आम्हाला कळत होतं."

"तुमच्या घरात चूल एक होती, मिस ओनिटा. इथे दोन आहेत."

"मग राज्याने कोंडला तेव्हा ही दुसरी चूल काय विझली होती?"

"त्यांना शिक्षा कमी वाटली." वकीलबाईने आवाज खाली आणला. "आणि वेंडलने तिकडे गुन्हा कबूल केलाय. तो कबुलीजबाब इकडेही चालतो."

ओनिटाने शर्ट छातीशी धरला. कबूल कर आणि मोकळा हो, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर हात आपटून सांगितलं होतं.

आवाराच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, तिचा नवरा ऑर्विल ट्रकमध्ये बसला होता. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं, काचा वर. डॉक्टर तो नाताळपर्यंत जगण्याचंही बोलत नव्हते. आज पोरगा घरी येणार म्हणून त्याने हट्टाने दाढी करून घेतली होती आणि मासे तळायची मोठी कढई व्हरांड्यात काढून ठेवायला लावली होती.

"दोन मिनिटं," ओनिटा मार्शलांजवळ जाऊन म्हणाली. "त्या ट्रकपर्यंत नेऊ द्या मला. त्याचा बाप आहे तिथे. त्याला चालवत नाही."

"माफ करा, बाई. कुंपणाबाहेर नेता येत नाही."

"मग बापाला कधी भेटायचं त्याने? दोन्ही सरकारांचं समाधान झाल्यावर?"

मार्शलने वेंडलचा दंड धरला. तेवढ्यात काउंटीचा शिपाई टकर पुढे आला. तो शाळेत वेंडलच्या वर्गात होता, आणि मघापासून त्याने एकदाही वेंडलच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"थांबा. त्या बेड्या आमच्या आहेत. मागच्या वेळी तुमच्या लोकांनी नेल्या त्या परत आल्याच नाहीत. तुमच्या घाला."

मार्शल वैतागला, पण आपल्या कमरेला लटकवलेल्या बेड्या काढू लागला. टकरने कुलूप उघडलं. काउंटीच्या बेड्या निघाल्या, केंद्राच्या अजून पडायच्या होत्या. वेंडल मनगटं चोळत उभा राहिला.

"आई, हे काय चाललंय?"

"हात वर कर," ओनिटा म्हणाली. "तुझा बाप बघतोय. वर कर, चांगला उंच."

वेंडलने ट्रककडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. पोरवयात बस येताना दिसली की हलवायचा तसेच. मार्शल बेड्या हातात धरून तेवढा वेळ थांबला.

काचेआड ऑर्विलला बोलणं काही ऐकू गेलेलं नव्हतं. त्याला दिसले ते पोराचे मोकळे हात. तो कष्टाने सीटवर आडवा झाला, नळी ताणली गेली तरी सरकला, आणि त्याने वेंडलसाठी पलीकडचं दार ढकलून उघडलं.