तीन घास

दोन घास गिळून झाले होते. तिसरा हातात धरून वल्लरी थांबली.

"खा की, बाय. नागलीची भाकर हाय, पोटाला थंड," अक्काबाई म्हणाली.

पेठच्या डोंगरातलं कुडाचं घर. अक्काबाईची मुलगी मीना दर साल वल्लरीच्या द्राक्षमळ्यात काढणीला येई, आधी अक्काबाईही यायची. आज मालकीण स्वतःच्या पायांनी घरी आली होती, नवी साडी घेऊन. म्हातारीने आणखी काय मागावं?

वल्लरी गारपंथातली होती. नाशिकच्या आसपासची नऊ बागाईतदार घरं, त्यांत एक डॉक्टर आणि दोन इंजिनिअरसुद्धा. गार थांबवता येत नाही, फक्त ढकलता येते, ही त्यांची विद्या. ज्या घरचे तीन घास खाल्ले, त्या घरावर ढकलायची. तिथे ती दुप्पट होऊन पडते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे जगात पुष्कळ, हे लोक ते वासे मोडत. मागच्या साली घोटीकडे एक म्हातारा छपराखाली मेला. पंथाने त्याच्या नावाने नारळ फोडला आणि द्राक्षं परदेशी रवाना केली. ही विद्या मुळात डोंगरातून खाली आली, असं म्हणत. कुणाकडून, ते विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

फोन वाजला. पंथाचे प्रमुख दिवाकरकाका मळ्यावरून बोलत होते. "आटप गं! बोराएवढी पडायला लागली तुझ्या मळ्यावर!"

बारा एकर माल वेलीवर होता. लेक, सई, मजुरांवर लक्ष ठेवायला मळ्यातच उभी होती. वल्लरीला समोरच्या म्हातारीची कीव आली. अगदी खरी कीव आली. मग तिने घास तोंडात टाकला आणि पाण्याच्या घोटाबरोबर मंत्र पुटपुटला.

"वळला! ढग वळला!" फोनमध्ये काका ओरडले.

दारातलं ऊन गेलं. "निघते मावशी, लांब जायचंय," म्हणत वल्लरी उठली.

अक्काबाई ना शेळ्या आत घ्यायला धावली, ना तिने छपराकडे पाहिलं. चुलीपुढे बसून ती काहीतरी पुटपुटत होती. वल्लरी उंबऱ्यात थांबून ऐकू लागली. तोच मंत्र होता. फक्त म्हातारीला तो अधिक येत होता, पंथाला ठाऊक नसलेल्या चार ओळी पुढे.

दारात पुन्हा ऊन आलं.

"आमी नऊ सालं तुझ्या मळ्यात जेवलो," अक्काबाई म्हणाली. "घास कोन मोजतो?"

वल्लरीने काकांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. सईला लावला. तिचाही तसाच.

"मावशी, पाया पडते, फिरवा ती गार! माझी सई आहे तिथे!" ती रडायला लागली. मग तिला एकदम आठवलं. "अहो, तुमची मीनापण तिथेच आहे!"

"नाय," अक्काबाई म्हणाली. "तू जेवाया येनार म्हनून सांगावा धाडलास, तवाच तिला घरी बोलवून घेतली."