शोभेची बटणं

“काकू, काका शर्टाची बटणं अजून स्वतःच लावतात ना?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“हो तर!” कुंदा म्हणाली. दर महिन्याला व्हिडिओ कॉलवर म्हणायची, अगदी तसंच.

या आजारात हातांची ताकद गेली की नव्या औषधाच्या चाचणीतून नाव काढतात, असं तिच्या कानावर आलं होतं. म्हणून तिनं नवऱ्याच्या शर्टांना आतून वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली आणि बटणं वर नुसती शोभेला ठेवली. तळहातानं दाबलं की शर्ट बंद. यात कुणाचं काय वाकडं होणार होतं?

आज मात्र रुग्णालयात या आजाराचं शिक्षण घेणारे आठ तरुण डॉक्टर वह्या उघडून समोर उभे होते. मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले, “बघा, वाचा गेली, पण आठ महिने झाले तरी बोटं शाबूत! असे निकाल बघूनच आणखी चाळीस जणांना हे औषध सुरू करतोय.”

पेनं भराभर चालू लागली. खरं सांगावं, तर यांचं औषध बंद. गप्प राहावं, तर ते चाळीस जण. कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

त्यानं शालीखालून आखडलेला पंजा कसाबसा बाहेर काढला, गळ्यापाशी शर्टात खुपसला आणि सगळा जोर लावून खाली ओढला.

चर्रर्र आवाज झाला. शर्ट सताड उघडा पडला आणि सगळी बटणं जागच्या जागी राहिली.